हातचा

विमा कंपनीचा फॉर्म घेऊन मी निंगबोहून आलो.
चौतीस रकाने. शेवटचा:
धोका टाळण्यासाठी केलेली बांधकामे.

दरीत सोयासॉसचा कारखाना,
उन्हात पंगतीला बसल्यासारखे रांजण,
डोक्यावर बांबूच्या टोप्या.

ऑफिसात दाओचं एखादं वचन टांगलेलं असेल
म्हणून भिंती पाहिल्या.
कॅलेंडर होतं, खताच्या दुकानाचं.

झान सूयिन, मालकीण, म्हणाली,
आधी खाली चला.

खाली नदीकडचं अंगण, रिकामं.
इथे भिंत होती. सासऱ्यांनी बांधलेली,
मग नवऱ्याने तीन फूट वाढवलेली,
आणि तिच्याबरोबर नदीचाही हट्ट वाढलेला.
भिंत पडली त्या वर्षी एकशेसाठ रांजण गेले.
"खालच्या गावाला आयते मुरलेले मासे,"
फोरमन गेंग हसला,
आणि मग बराच वेळ हसला नाही.

तिने भिंत पुन्हा उभारली नाही.
उरलीसुरलीही पाडली.
रांजण वर नेले,
अंगण नदीसाठी ठेवलं,
माहेरवाशिणीची खोली ठेवावी तसं.
येते, चार दिवस राहते,
जाताना गाळ ठेवून जाते.
त्यात सोयाबीनच्या दोन ओळी डोलत होत्या.

मी विचारलं, शांघायची दुप्पट मालाची ऑर्डर?
"नाही म्हटलं. रांजणाला अठरा महिने लागतात.
तुम्ही त्याला घाई सांगून बघा."

नियंत्रण कोणाकडे, हा सतरावा रकाना.
ती गेंगकडे बघते, गेंग आभाळाकडे.
झाकणं कधी घालायची, तो ठरवतो.
मालकिणीला विचारत नाही?
"विचारेपर्यंत पाऊस पडून जातो."

आणि कोपऱ्यात हे बारा,
धुतलेले, कोरडे, ना भरलेले ना विकलेले?
"हातचे," ती म्हणाली.
"सगळंच भरलं तर
चूक झाली की ठेवायची कुठे?"

बेरजेत मी हातचा विसरायचो, त्यासाठी मार खाल्लाय.
एवढी वर्षं लोकांचे धोके मोजतोय,
पण रिकाम्या भांड्याला
रकाना कोणी दिला नाही.

शेवटी लिहिलं:
बांधकाम: नाही.
पाडकाम: एक.

साहेबांनी फाइल परत पाठवली, लाल शेरा मारून.
टेबलावर आहे.
तिच्यावर सॉसची बाटली ठेवलीय,
पंख्याने उडू नये म्हणून.