सातवा बाक

कास्त्रोच्या चौकात बाक बारा,
सगळे एकाच आठवड्यात रंगवलेले, एकाच डब्यातून.
पोपडे धरले ते फक्त सातव्यानं.
एदेल्मीरा कार्कामो थेट कचेरीत आल्या,
पाठ फिरवून उभ्या राहिल्या:
काळ्या लोकरी स्कर्टवर हिरवे खवले.
"मी काय मासळी आहे?" म्हणाल्या.

रोसामेलनं टोपी हातात फिरवली
आणि मला म्हणाला, पिशवी घे.

मला वाटलं, खरवडू, एक हात मारू,
जेवायच्या आत मोकळे होऊ.
त्यानं नखानं एकच पोपडा उचलला,
उलटा करून उजेडात धरला.
"पाठीला काय लागलंय?"
केसाएवढे करडे तंतू.
"म्हणजे रंगाचं रंगाशी भांडण नाही.
तसं असतं तर पाठ गुळगुळीत निघाली असती.
हा लाकूड सोडून निघालाय,
निघताना लाकडाचं कातडं घेऊन."

मग खरवडणी.
हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली विटकरी,
दर महापौराचा एकेक.
तळाशी, पाठीच्या फळीवर, बशीएवढा निळा,
तो निघेना.
रोसामेलनं तो काढायचा हट्ट धरला नाही.
"पातळ करून पाजलाय लाकडाला," एवढंच म्हणाला,
"उन्हाळ्यात. घाई नसलेल्या माणसानं."

नंतर तो ओल्या फरशीवर चक्क उताणा झोपला,
साठीचा माणूस, डोकं बाकाखाली.
येणारेजाणारे त्याच्या बुटांना वळसा घालून गेले.
आतून आवाज आला:
"वरून पाऊस पडतो तो बाराही बाकांवर.
याला पाणी खालून चढतंय.
डावा पाय सिमेंटच्या वाटीत, वाटीत डबकं,
आणि लाकूड आपलं वातीसारखं ओढतंय.
आत गेलेली ओल बाहेर कुठून पडणार?
रंगाला ढकलूनच ना?"

मी खरवडणी पुसत राहिलो. पुसलेलीच पुन्हा पुसली.
अकरा बाकांच्या तळव्यांना मी अस्तर दिलं होतं,
आडवं पाडून, दोनदोनदा.
सातव्याच्या वेळी साडेचार वाजत आले होते,
आणि चेलीनची लाँच कुणासाठी थांबत नाही.
लाँचवर कोण होतं ते इथं सांगत नाही.
त्यानं विचारलं नाही. मीही बोललो नाही.

सिमेंटच्या वाटीला त्यानं छिन्नीनं एक चर पाडला,
डबकं रस्त्याकडे वाहून गेलं.
"आता उघडाच राहू दे. फेब्रुवारीपर्यंत."
महापौरबाईंनी दोनदा फोन केला, गावाचा वाढदिवस जवळ आलेला.
रोसामेल म्हणाला, ओल्या अंगावर नवे कपडे घालत नाहीत.
एदेल्मीराबाई खोक्याचा पुठ्ठा पसरून
त्या उघड्या फळ्यांवर बसत राहिल्या,
दुसरे अकरा मोकळे असताना.

फेब्रुवारीत नऊ दिवस सलग ऊन पडलं.
बाक उलटा केला, चारही पाय आकाशात.
मी तळव्यांना पाजत गेलो, पातळ, मग दाट, मग पुन्हा,
रोसामेल खाडीकडे बघत पाव खात बसलेला.
दुसऱ्या दिवशी त्यानं बाटलीतलं थेंबभर पाणी
डाव्या तळव्यावर सोडलं.
थेंब जिरला नाही. गोल, तसाच उभा.
आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.

मग टोपी घालत त्यानं विचारलं,
"साडेचारची गेली का रे?"