दगड ते दगड

घड्याळ माझ्याकडं असायचं.
चाँदपाशा सायकलवाल्यानं बीदरहून आणलेलं,
काच तडकलेली, बटण इतकं कडक
की अंगठ्यावर वळ उठायचा.
उदगीर सुटलं की नळेगावच्या रस्त्याला
हिरव्या टोपीच्या एका दगडापासून पुढच्यापर्यंत
मुक्तिराम यायचा, माझा थोरला,
आणि मी वहीत आकडा टाकायचे.
एक अडतीस. एक एकतीस. एक एकतीस.
वहीच्या पुढल्या बाजूला माझा भूगोल.

"बैल आडवा आला गं," तो म्हणायचा.
बैलाचे सेकंद मी कधी वजा केले नाहीत.

पुढं पटियाळ्याहून पत्र आलं:
इथला रस्ता भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा आहे.
सायकलीला ब्रेक नाही.
पाय थांबवायला जावं तर चाकच पायाला फिरवतं.
मैदानाच्या दोन कडांहून दोघं सुटतात,
एकमेकांच्या मागं लागतात,
आणि दुसऱ्याचं तोंड शेवटपर्यंत दिसत नाही.
आईनं दोनदा वाचून घेतलं.
"मग जाऊलालेत कुठं हे?"

चौथा आला. तीन दशांशानं.
तीन दशांश म्हणजे किती, म्हणून मी
बटण दाबलं आणि लगेच दाबलं.
तेवढंच.

मग रेल्वेची नोकरी, रेल्वेची निळी जर्सी,
रस्त्याच्या शर्यती.
सहा वर्षं हा पुढं राहून वारा खायचा,
याच्या आडोशाला बसलेला शेवटी निघून जिंकायचा.
पेपरातल्या फोटोत मुक्तिरामचं
अर्धं कोपर आहे, मी दाखवते लोकांना.
जालन्याच्या अलीकडं
जिंकणाऱ्याच्या चाकात बाभळीचा काटा शिरला.
यानं स्वतःचं चाक काढून दिलं
आणि बांधावर बसून राहिला;
शेतात कुणी हुरडा भाजत होतं, त्यांनी हाक मारली.
टेम्पोतून उतरला तेव्हा ओठ काळे,
खिशात मूठभर हुरडा, माझ्यासाठी.
कुठल्याच निकालात हे नाही.
माझ्या वहीत नुसती तारीख आहे, पुढं आकडा नाही.

आता पूर्णा जंक्शनला
गाडी थांबली की तो खाली उतरतो,
डब्याच्या एकेका चाकावर हातोडी मारतो, ऐकतो.
खणखणलं तर जाऊ दे.
बद्द वाजलं तर तडा.
रात्री जेवताना ताटावर चमचा पडला
तरी मान तिकडं वळते.

यंदा सुट्टीत आला, माळ्यावरून ती सायकल काढली.
माझी लेक म्हणाली, "मामा, हिचा ब्रेक?"
"पायात."
रस्ता चौपदरी झालाय, दगड उपटून नेलेत.
अंदाजानं एका ढाब्यापासून दुसऱ्या ढाब्यापर्यंत धरलं.
घड्याळ कधीच बंद पडलंय,
मी मोबाइल घेऊन उभी.

लांबून ओळखू आला, खांद्यावरून.
पोट हँडलला लागत होतं.

"किती?"
"दोन चौदा," मी म्हणाले. "बैल आला का आडवा?"
त्याला धाप लागलेली, बोलता येईना.
हातानंच नाही म्हणाला. मग,
"बैल कुठायत आता. लिही."