खाली

प्रश्न दुसरा, गुण दहा:
पुढील संज्ञांचे अर्थ लिहा.
ब्रह्मपुरीच्या कन्याशाळेत पंखा गरगरतोय,
त्याच्या ठेक्यात एक मात्रा कमी.

सूर मी भजनमंडळाच्या पेटीवर शिकले.
तिचा कोमल निषाद उंदरानं खाल्लेला,
म्हणून आमच्या गावात
सगळ्याच रागांना तो वर्ज्य.

ताल मात्र इस्तारी नान्हेंचा.
मंडईच्या दिवसांत नाटकाला तबला,
एरवी बोडीत फेकजाळं.
कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शिकवायचे,
मी पाळीवर, बोटांची पेरं मोजत.

"पाय पोरी. जाळं गोळा केलं हातात, हे धा.
फेकलं. आता हातात काई नाई,
पाण्यातबी काई नाई. हे खाली.
पडलं पाण्यावर, चुबुक. सम."

आणि मासा नाही आला तर?
"तरी समच राहते व.
मासे का तालात मोजतेत?"

लय म्हणजे काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
जाळं ओढायचे सावकाश,
मधे कुणी बोललेलं चालायचं नाही.

शेजारची मुलगी मींडपाशी अडलीय.
तिला सांगावंसं वाटलं,
रोवणीच्या चिखलात पाय न उचलता
बाया मागं सरकतात ना, तशी.
पण तिनं पेपर हातानं झाकून घेतला.

मीही मग पुस्तकातलंच उतरवलं:
ज्या मात्रेवर टाळी न देता
हात बाजूला नेतात, ती खाली.
सुवाच्य अक्षर. दोन ओळी. दोन गुण.

एसटीतून उतरले तर ते बोडीवरच.
"का इचारलं त्याइनं?"
खाली.
"मंग?"
पुस्तकातलं लिहिलं.
ते बराच वेळ जाळ्यातली शेवाळं काढत राहिले.
"बरं केलं. माह्यं लिहिलं असतं
तं नापास झाली असती."
आणि पळसाच्या पानात बांधलेले झिंगे
माझ्या वहीवर ठेवले. वही ओली झाली.

मग पुन्हा पाण्यात उतरले.
मी मोजत होते, सवयीनं.
सहा, सात, आठ.
जाळं सुटलं हातातून,
गोल उघडलं,
भोकाभोकांतून पलीकडचे धानाचे बांध दिसले,
गुरं घेऊन येणारा कुणीतरी दिसला,

नऊ