आरा मशीनवरचे खून

सिंदेवाहीच्या फाट्यावर रतनशी पटेलाची आरा मशीन,
तिथे मी घनफूट लिहायचो.
सागवान, बीजा, येन,
लांबी, गोलाई, कानामागे पेन्सिल.
पुस्तक एकच होतं त्या आवारात:
विलायती खुनांच्या गोष्टी, गुजरातीत आणलेल्या,
कच्छहून वालाच्या पोत्यात घालून आलेल्या,
पुठ्ठ्यावर कंदील धरलेला हात आणि गुळाचा डाग.

शेठची आई पुरबाई. तिचे डोळे गेले
तेव्हा तिनं मला हाक मारली,
"निकुरे, तने वांचतां आवडे?"
मला वाटलं, वाचायला आवडतं का, असं विचारते.
हो म्हणालो.
येतं का, असं विचारत होती, हे कळलं तोवर
पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

अक्षरं पाहिली तर
डोक्यावरची फळी आऱ्यानं कापून नेलेली.
ग, न, म, प, ओळखीचेच, फक्त बोडके.
क आणि ज मात्र वेष पालटून बसलेले,
आठ दिवस त्यांच्या मागावर होतो.

दुपारी पट्टा थांबायचा.
भुशावर येऊन बसायचा डोमा, उजव्या हाताला साडेतीन बोटं,
इस्तारी चौकीदार, बंडीवाला फागू.
मी गुजराती वाचायचो, झाडीत सांगायचो.
धुकं कसं, ते कोणी विचारलं नाही,
पुसात बोडीवर उभं राहतं तसंच.
मेलेल्या लाटसाहेबाला
अनुवादकानं आधीच ठाकोर करून ठेवलं होतं,
मी त्याला मालगुजार केलं.
विष मात्र विषच राहिलं.
आणि कोण.
कोण हा शब्द दोन्हीकडे तोच.

काल म्हणजे तिकडे उद्याही असतं,
हे कळेपर्यंत
एक माळी माझ्या हातून उगाच फासावर गेला.

तेरा गोष्टी. एकीलाही शेवट नव्हता.
शेवटची पानं फाडलेली, नीट, पट्टी लावून.
उंदीर पट्टी लावत नाही.
मग मी भुशातली पावलं पाहिली,
डोमाच्या चिलमीची राख हुंगली,
इस्तारीला तीनदा उलटंसुलटं विचारलं.
"मले वाचता येते का गा? मी कायले फाडू?"
पुरबाई ऐकत होती. हसली,
तपकिरीचं बोट पदराला पुसून म्हणाली,
मीच. डोळे होते तेव्हाच.
खूनी मळे एटले चोपडी पूरी.
ने आ जंगलमां बीजी कोण आपे?

हे मी कोणालाच झाडीत करून सांगितलं नाही.
सगळ्यांना समजलं.

त्यानंतर न्याय आम्हीच केला.
पावसाळ्यात कूप बंद, काम कमी, खून पुष्कळ.
एका वर्षी पुतण्या, एका वर्षी डॉक्टर.
विहिरीतली बाई डोमानं जिवंतच वर काढली,
म्हणाला, पोहत होती.
फागूला नेहमी वकिलाचाच संशय,
गोष्टीत वकील नसला तरी.
स्वयंपाक्याला मात्र दरवर्षी सोडलं, एकमतानं,
कारण साठाव्या पानावर तो
रात्री उठून कुत्र्याला भाकर घालतो.

पुढे मशीन गेली. लायसन, तारखा, काय काय.
पुरबाई त्याच्या आधीच.
गल्ल्याचं टेबल उचललं
तर त्याच्या आखूड पायाखाली
चार घड्या घातलेला कागद निघाला, तेल प्यालेला.
उजेडाला धरला.
स्वयंपाकी.

डोमाकडे गेलो तसाच.
अंगणात सुंभ वळत होता.
पान सापडलं म्हटल्यावर साडेतीन बोटं थांबली.
"कोन निंगाला?"

"तेल पेलं होतं गा कागदानं," मी म्हणालो.
"नाई वाचता आलं."