कायमचा पत्ता

अर्जाच्या तिसऱ्या रकान्यापाशी अडकले आहे.
नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली.
पुढे विचारलंय: कायमचा पत्ता.

घराला नंबर आहे. वीजबिल बाबांच्या नावावर येतं.
पण घराखालची जमीन फुर्तादोंची,
आणि ती आमची व्हावी म्हणून मामलेदाराकडे जो खटला आहे
तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.
दिवाडकर विरुद्ध फुर्तादो.
लहानपणी मला वाटायचं
विरुद्ध हे कुणाचं तरी मधलं नाव असेल.

सर म्हणाले, हेतुपत्र ठसठशीत हवं.
समुद्राचा कायदा घे,
गोव्यातून आलेल्या अर्जात त्यांना समुद्रच अपेक्षित असतो.
मी पाचशे शब्दांचा समुद्र लिहिला.
रात्री शेवटच्या फेरीबोटीचा रॅम्प सिमेंटवर खरवडला
आणि मी तो सगळा पुसून टाकला.

मग खरं काय ते लिहिलं:
तुमच्या देशाने जी जुनी संहिता
कधीच कपाटात ठेवून दिली
ती आमच्याकडे अजून रोज कामावर येते.
लग्नं नोंदवते, अर्धं अर्धं वाटून देते.
आईला ठाऊक नाही,
पण बाबांच्या स्कूटरचं मागचं चाक तिचं आहे.
मला कोईंब्राला यायचंय ते
एखाद्या खाष्ट म्हातारीच्या माहेरी जावं तसं,
ती तरुणपणी कशी होती
हे विचारायला.

सोबत एक कागद जोडायचा होता.
आजोबांना घर बांधायला दिलेली परवानगी,
पोर्तुगीजमध्ये, कडा कसरीने खाल्लेल्या.
दिवाडी बेटावर ते अक्षर वाचणारं
आता एकच माणूस उरलंय.
एर्मेलिंदा फुर्तादो. वय ब्याऐंशी. प्रतिवादी.

बाबा म्हणाले, जाऊ नकोस, वकील काय म्हणतील?
आई काहीच बोलली नाही.
तिने अर्धा फणस वर्तमानपत्रात बांधून दिला,
त्याच झाडाचा,
ज्याच्याभोवती नकाशात लाल गोल आहे.

बाईंनी चष्मा पुसला. पुडकं हुंगलं.
“हो आमचोच पणस न्हय गो?”
हसल्या नाहीत. पण ताट मागवलं, हाताला तेल लावलं,
आणि गरे खाऊन झाल्यावरच कागद उघडला.

माझ्या सासऱ्यांची सही, म्हणाल्या.
मग बोट ओळीखाली सरकत गेलं.
भाडं न घेता,
जोवर याचं कुटुंब इथे राहू इच्छील
तोवर.
हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.
ते त्यांच्या विरुद्ध जात होतं.
दोघींनाही कळलं,
जरी खोलीत कायदा फक्त मी शिकत होते.

त्यांनी सगळं उतरवून दिलं, सुवाच्य,
एक शब्दही न गाळता.
खाली सही, तारीख, आणि पेनाचं टोपण लावताना:
“माझे दोघेही गेले तिथे. नाताळात फोन येतो.
तू गेलीस तर तारखांना कोण येणार?
तुझा बाप तर माझ्याकडे बघतही नाही.”

परत येताना उन्हात सायकल हातात धरून चालले.
पिशवीत एकच कागद, आणि त्याची दोन कामं.
वकिलांना दिला तर घर होतं.
अर्जाला जोडला तर मी जाते.
दोन्हीकडे लावता येतो, झेरॉक्स दोन रुपयांना मिळते,
अडचण ती नाही.
अडचण त्या राहू इच्छीलची आहे.
कुटुंब म्हणजे कोण, हे त्यात लिहिलेलं नाही.
इच्छा कधी मोजायची, तेही नाही.
परीक्षेत असा प्रश्न आला असता
तर मी तीन पानं लिहिली असती.

बाबा पडवीत बसून विचारतात, काय म्हणाली ती?
मी म्हणते, फणस गोड होता म्हणाली.

रकाना तीन. कर्सर लुकलुकतोय.
मुदत आज मध्यरात्री संपते,
पण ती त्यांची मध्यरात्र.
अजून साडेचार तास आहेत माझ्याकडे जास्तीचे.