तीनशे फुटांच्या आत

नकाशावर कंपासचं टोक रुतवायचं
अर्जदाराच्या हद्दीच्या एकेका कोपऱ्यात
आणि पेन्सिल फिरवायची.
आत जो सापडेल तो शेजारी.
बावीस वर्षं मी मेनमधल्या या टाउन ऑफिसात
असे शेजारी ठरवते आहे.

मार्चमध्ये आर्मांड थिबोडोचा अर्ज आला.
अक्षर दाबून लिहिलेलं, मागच्या पानावर उमटलेलं.
उत्तरेच्या भिंतीला लागून लाकडी उतरण,
शेजारी एक खोली, दहा बाय बारा.
हद्दीपासून पंधरा फूट सोडायचे असतात,
तो म्हणत होता, सहाच सोडतो.

अकरा निघाले वर्तुळात.
बंद पडलेली कागद गिरणी, जिचा मालक आता
ह्यूस्टनमधली कुठलीशी कंपनी आहे.
सेंट ॲनचं कब्रस्तान, पत्र विश्वस्तांच्या नावे.
बोडेट बहिणी, ज्या एकाच घरात राहतात
आणि दोन वेगळी पाकिटं मागतात.
ऑरिन पेल्की.
आणि मी.

नियमात सवलत नाही. माझं नाव मीच टाइप केलं,
तिकीट लावलं, रस्ता ओलांडून पोस्टात दिलं.
दुसऱ्या दिवशी पोस्टमन दाराशी आला
तेव्हा हिरव्या पोचपावतीवर सही केली
आणि उभ्या उभ्या, बूट न काढता वाचलं
जे मीच लिहिलं होतं:
याद्वारे कळवण्यात येते की
उतरण, तळमजल्यावर झोपायची खोली,
दार छत्तीस इंची.

तेव्हा कुठे उजेड पडला.
ल्युसील आता जिना चढत नाही.
माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की
त्यांची वरची खिडकी दिसते.
नाताळापासून तिथे दिवा नव्हता
आणि मी समजत होते, विजेचं बिल वाचवताहेत.

ऑरिनची पोचपावती आली नाही.
तो आणि आर्मांड अकरा वर्षं बोलत नाहीत.
हद्दीवर एक मेपल होता. कुणाचा, कुणी तोडला,
विचारू नका. माझ्याकडे फाइल आहे, बोटभर जाड.
नवव्या दिवशी पत्र परत आलं,
शेरा: घेण्यास नकार.
कायद्याला तेवढं पुरतं. धाडलं म्हणजे कळवलं.

सुनावणीला सात माणसं, एक कॉफीचा पिंप.
अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत?
मागे खुर्ची करकरली.
ऑरिन उठला, हातात मोजपट्टी.
आर्मांडने रोवलेल्या खुंट्या
कुंपणापलीकडून मोजून आला होता.

"आहे हरकत," तो भिंतीकडे बघत म्हणाला.
"उतरण फार उभी आहे.
बर्फात तिची खुर्ची थेट रस्त्यावर जाईल.
फुटाला एक इंच, त्याहून जास्त नको.
मग वळण घ्यावं लागेल,
आणि सहा फूट सोडून वळण बसत नाही.
दोन सोड म्हणावं त्याला."

आर्मांड बुटांकडे बघत राहिला.
कोणीतरी कॉफीचा पेला उगाच पुन्हा भरला.
मी इतिवृत्तात लिहिलं, हरकती: एक.
दुसरा रकाना छापील कागदावर नव्हता.

अर्ज बदलला म्हणजे पुन्हा अकरा पत्रं.
तेच कंपास, तीच पेन्सिल, तीच तिकिटं.
ऑरिनची पावती तिसऱ्या दिवशी आली, सहीनिशी,
तारीख घालायची राहून गेलेली.

माझं पाकीट मात्र या खेपेला
पोस्टात टाकायच्या आधी पर्समध्ये ठेवलं
आणि थिबोडोंकडे चालत गेले.
एकशे चाळीस फूट. नकाशावर पाठ आहेत.
बेल वाजवली, आणि आतून कोणी येईपर्यंत
बराच वेळ लागला.