कंदील आधी

हरिपूरच्या वाटेवर, चिंचांच्या पलीकडं
माझं अर्धं आयुष्य जमिनीखाली गेलं.
पेवाचं तोंड एवढंसं,
खांदे तिरके केले तर माणूस आत जाई,
आणि खाली अख्खी खोली, हळदीनं भरलेली,
तीन-तीन वर्षं किडा लागत नसे.

पेव फोडलं की लगेच कुणी उतरत नसे.
आधी दिवसभर तोंड उघडं. मग दोरीला कंदील.
ज्योत तगली तर माणूस.
ज्योत मिटली तर
बिडी ओढायची, गप्प बसायचं, थांबायचं.
घाई केलेले दोघं मला ठाऊक आहेत.
त्यांची नावं मी घेत नाही.

हे सगळं आठवलं मिरजेत,
थंडगार खोलीत, अंगावर हिरवं फडकं,
उजवा हात फळीला बांधलेला.
मनगटावरचे केस एका पोरीनं भादरले होते.
म्हणाली, आजोबा, इथनंच जायचं आत.
म्हटलं, दुखणं छातीचं आणि दार मनगटाला?
मास्कच्या वर तिचे डोळे हसले.

बाहेर जावयानं फॉर्मवर सही केली
तेव्हा त्याचं अक्षर वाकडं आलं. मी पाहिलं होतं.

मनगट बधिर केलं. मग नळी.
नळीतनं तार, सतारीच्या तारेएवढी.
कोपर, दंड, खांदा कधी ओलांडला
मला कळलंच नाही.
कळलं ते एवढंच, की कुणीतरी उतरतंय
आणि या खेपेला पेव मी आहे.

"रंग सोडते," मगदूमबाई म्हणाल्या, "गरम वाटेल."
वाटलं.
बाजूच्या पडद्यावर काळ्या मुळ्या उमटल्या
आणि पुसल्या,
हळदीचा गड्डा उपटल्यावर लोंबतात तशा.
एकीला मध्येच कुणी चिमटीत धरल्यागत.
तिथं रंग अडखळत होता,
वाट विचारत विचारत पुढं जात होता.
मी ओळखलं, इथं कंदील मिटायला आलाय.

"नव्वद टक्के." हे त्या मला म्हणाल्या नाहीत.
मग मला, "फुगा फुगवते. छातीत भरून येईल.
हलायचं नाही."

भरून आलं.
किती वेळ? त्या म्हणतात पंधरा सेकंद.
त्या पंधरा सेकंदांत मला इमाम दिसला,
पेवाच्या तोंडाशी उकिडवा,
तळव्याला दोरीचे दोन वेढे.
एकोणीस वर्षं त्यानं मला खाली सोडलं, वर ओढलं,
आणि एकदाही वाकून विचारलं नाही, भ्यालास का.
दोरीला तीन हिसके म्हणजे वर घे.
मी बांधलेल्या हाताची बोटं तीनदा हलवली.
बाई म्हणाल्या, काका, हलू नका.

फुगा निघाला, जाळी राहिली.
परत रंग सोडला,
आणि ती मुळी थेट शेंड्यापर्यंत काळी झाली.
खोलीत कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी विचारलं, डबा आला का.
मी रडलो. कशानं ते ठाऊक नाही.
उताणा होतो, पाणी कानात गेलं.

संध्याकाळी इमाम आला, स्टेशनापासनं चालत,
पिशवीत केळी.
महापुरात पेवं बुडाली, त्याला कितीक वर्षं झाली,
तरी त्याच्या तळव्यावरचा दोरीचा वळ गेलेला नाही.
नर्स माझ्या मनगटाच्या पट्ट्यातली हवा
तासातासानं थोडी थोडी सोडत होती.
पट्टा निघाला. खाली मोहरीएवढं भोक.
इमाम चष्मा वर करून बघत बसला.

"एवढ्यातनं?"
"एवढ्यातनं."
"कोण उतरलं होतं?"
"बाई होती एक."
"आणि वर दोरीला?"
"तीच."

त्याला ते पटलं नाही.
एकट्यानं दोन्ही कामं करू नयेत, म्हणाला,
आपल्यात तसं नव्हतं.
मग बराच वेळ काही बोललाच नाही.
उजवा हात मला अजून हलवायचा नव्हता
म्हणून केळं त्यानंच सोललं.